नवव्या दिवशी मोडणारा संकल्प: ध्येय कुठल्या मापाने बेतायचं

प्रश्न थोडक्यात असा. वय ३६, वजन ८४ किलो, घर डोंबिवलीत, नोकरी फोर्टमधल्या सरकारी कार्यालयात. सकाळी ७:५० ला घर सोडायचं, रात्री सव्वाआठला परत. पाडव्याला सहा गोष्टी ठरवल्या: पहाटे ५ ला उठणं, एक तास व्यायाम, २० मिनिटं ध्यान, डिसेंबरमधल्या खात्यांतर्गत परीक्षेसाठी रोज ३ तास अभ्यास, साखर पूर्ण बंद आणि मोबाइल दिवसाला फक्त अर्धा तास. शिवाय तीन महिन्यांत १२ किलो वजन उतरवायचं. नवव्या दिवशी सगळं सुटलं. हा तिसरा प्रयत्न होता. आणि शेवटी विचारलंय, "माझ्यात मुळात शिस्तच नाही का?"

शिस्तीचं नंतर बघू. आधी तुम्हीच दिलेल्या वेळांचा हिशेब मांडू.

सध्या तुम्ही रात्री सव्वाबाराला झोपता आणि पावणेसातला उठता. म्हणजे झोप साडेसहा तास. ऑफिस आणि प्रवास मिळून १२ तास २५ मिनिटं. सकाळी उठल्यापासून घर सोडेपर्यंत १ तास ५ मिनिटं, त्यात अंघोळ, चहा, डबा भरणं. रात्रीचे उरले चार तास. त्यातले दोन जेवण, मुलाचा अभ्यास आणि दुसऱ्या दिवसाची तयारी यात जातात. हाताशी राहिले दोन तास, जे आज मोबाइल आणि टीव्हीला जातात. संकल्पाला रोज लागणार होते ४ तास २० मिनिटं. मोबाइल आणि टीव्ही पूर्ण बंद केले तरी २ तास २० मिनिटं कमी पडतात. पाचला उठून झोपेतून पावणेदोन तास काढले, तरीही ३५ मिनिटांची तूट उरतेच. रोज पावणेपाच तास झोपून आठ दिवसांत चौदा तासांची झोप तुम्ही बुडवलीत. एवढं अंगावर घेऊन आठ दिवस तग धरणाऱ्या माणसात चिकाटी नाही, असं म्हणता येणार नाही. चूक बेतात होती. ती आधीच्या दोन प्रयत्नांतही तीच असणार.

संकल्प आपण नेहमी चांगल्या दिवशी करतो. पाडवा असतो, सुट्टी असते, दुपारची झोप झालेली असते, डोकं शांत असतं. त्या दिवशीचा माणूस ज्याच्या वतीने वचन देतो, तो मात्र बुधवारी रात्री ठाण्याच्या पुढे रखडलेल्या गाडीत एका पायावर उभा असतो. म्हणून ध्येयाचं माप घ्यायचं ते या बुधवारच्या माणसाचं. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

आपला अंदाज किती चुकतो याचं एक उदाहरण देतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, सगळं जमेल तेवढं बिनसलं तर? तेव्हा ते ४८.६ म्हणाले. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला. त्यामुळे "मी थोडं कमीच धरलंय" या भरवशावर राहू नका. वाईट दिवस डोक्यात कल्पून भागत नाही, तो मोजावा लागतो.

तर पहिले सात दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद ठेवायची. साधी वही पुरे. रोज पाच आकडे लिहा: दिवा बंद केल्याची वेळ, उठण्याची वेळ, मोबाइलवरचा वेळ (फोनच्या सेटिंगमध्ये तो आयता मिळतो), साखरेचे चमचे आणि चाललेली मिनिटं. ज्या दिवशी अभ्यास झाला, त्या दिवशी त्याचीही मिनिटं. या आठवड्यात शनिवार-रविवार येऊ द्या, कारण तुमचे सुट्टीचे दिवस फार वेगळे असणार. घरात लग्न किंवा कुणी इस्पितळात असेल तर आठवडाभर थांबा, पण "जरा निवांत आठवडा" शोधत बसू नका. निवांत आठवड्याचे आकडे पुन्हा खोटंच माप देतील.

आठव्या दिवशी बहुतेक जण सरासरी काढतात. सरासरीत रविवार मिसळलेला असतो आणि तो आकडा फुगवतो. त्याऐवजी सातातले सर्वांत वाईट तीन दिवस घ्या आणि त्यांची सरासरी काढा. तो तुमचा पाया. सुरुवातीचं ध्येय त्याच्या जरासंच वर ठेवायचं. अभ्यासाचे आकडे ०, ०, २०, ०, ४५, ९०, ० असे आले, तर पाया शून्य आहे. रोज तीन तास हे ध्येय त्या पायावर उभं राहत नाही. दहा मिनिटं राहतात.

आता सहापैकी कोणतं घ्यायचं? एकच, आणि ज्याने बाकीच्यांची वाट मोकळी होते ते. तुमच्या बाबतीत ती झोप आहे, यात मला शंका वाटत नाही. झोप कमी असताना भूक वाढते, गोड खावंसं वाटतं, वाचलेलं लक्षात राहत नाही आणि हात आपोआप फोनकडे जातो. साखर, अभ्यास आणि मोबाइल या तिन्ही लढाया कमी झोपेत लढायला जाणं म्हणजे आधीच अर्ध्या हरणं.

पण "५ ला उठणं" हे झोपेचं ध्येय म्हणून चुकीच्या टोकाने धरलेलं आहे. उठण्याची वेळ आधी ओढली की झोप कापली जाते. टप्पे असे घ्या, प्रत्येक टप्पा चार दिवसांचा. पहिले चार दिवस १२:०० ला दिवा बंद, उठणं पूर्वीसारखं ६:४५. पुढचे चार ११:४५, उठणं तेच. मग ११:३० आणि ६:३०. मग ११:१५ आणि ६:१५. शेवटी ११:०० आणि ६:००. वीस दिवसांत सकाळी पाऊण तास जास्त मिळाला आणि झोप साडेसहावरून सात तासांवर गेली, कुठल्याही टप्प्यावर कमी झाली नाही. पहाटे पाचचा आग्रह सोडून द्या. त्या आकड्यात काही जादू नाही. पाचला उठायचं तर दहाला झोपायला हवं, आणि सव्वाआठला घरी येणाऱ्या माणसाला ते मुलाशी चार शब्द न बोलताच जमेल.

यात बिघडतं कुठे, तेही ऐका. झोप हुकमाने येत नाही, म्हणून "११ ला झोपणं" हे ध्येय लिहूच नका. "११ ला दिवा बंद आणि फोन खोलीबाहेर" असं लिहा, ते तुमच्या हातात आहे. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसा, काहीतरी रटाळ वाचा आणि पेंग आली की परत या. फोनचा चार्जर स्वयंपाकघरात न्या आणि दोन-तीनशे रुपयांचं साधं गजराचं घड्याळ आणा. गजर फोनवर असला की फोन उशाशी येतो, आणि तिथे हा सगळा बेत फसतो. संध्याकाळचा शेवटचा चहा पाचच्या आत, कारण चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. शनिवार-रविवारी उठायला जास्तीत जास्त एक तास उशीर चालेल. नऊपर्यंत लोळलात तर रविवारी रात्री झोप येणार नाही आणि सोमवार पुन्हा शून्यावर.

मोबाइलचं वेगळं ध्येय नको. फोन अकराला स्वयंपाकघरात गेला की त्याचा मोठा भाग आपोआप सुटतो.

व्यायामाकडे येतो, कारण तुमच्याकडे तो जवळजवळ फुकट पडून आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची आहे. घरापासून स्टेशन १५ मिनिटांच्या झपझप चालीवर आहे आणि तुम्ही शेअर रिक्षा करता, असं लिहिलंय. जाताना १५, येताना १५, आठवड्याचे पाच दिवस. बरोबर १५० मिनिटं झाली. रिक्षाची रांग धरली तर जास्तीचा वेळ एका बाजूला सात-आठ मिनिटांहून अधिक जाणार नाही. चाल अशी हवी की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. सकाळी गाडी चुकण्याची धास्ती असेल तर पहिला महिना फक्त परतीचं चाला, सकाळचं नंतर जोडा. पावसाळ्यासाठी आत्ताच ठरवा. मोठी छत्री आणि ऑफिसात ठेवलेला कोरडा मोज्यांचा जोड यावर जुलैचे निम्मे दिवस वाचतात. ज्या संध्याकाळी रस्त्यात गुडघाभर पाणी असेल, त्या दिवशी रिक्षा. ती सूट आधीच लिहून ठेवलेली असावी, म्हणजे ती मोडणं ठरत नाही.

वजनाचा आकडा मात्र बदलावाच लागेल. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. १२ किलोंच्या झाल्या ९२,४००. नव्वद दिवसांत वाटल्या तर रोज हजाराहून थोडी जास्त तूट. साधारण २,२०० कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे जवळजवळ अर्ध्या जेवणावर राहण्यासारखं आहे. शिवाय वजन उतरू लागलं की शरीराचा खर्चही कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षात कागदापेक्षा कमीच उतरतं. आता जमण्यासारखं काय ते पाहा. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. ती निम्मी केली तर ८० वाचल्या. चालण्याचे दिवसाला जास्तीचे साधारण १००. दोन्ही चालू झाल्यापासून तीन महिन्यांत कागदावर दोन किलोंच्या आसपास. रात्रीचा भात एक वाटीवर आणला, फरसाण महिन्याच्या किराणा यादीतून काढलं, तर आणखी थोडं. म्हणून तीन महिन्यांत २ ते ४ किलो हे खरं ध्येय. हा आकडा ऐकून निराशा होणार, हे मला कळतं. पण तुमच्या वजनाचे पाच टक्के म्हणजे ४ किलो २०० ग्रॅम, आणि एवढं उतरलं तरी रक्तदाब आणि रक्तातली साखर यांच्यावर चांगला परिणाम दिसू लागतो. वजनकाट्यावर रोज उभे राहिलात तर पाणी आणि मीठ यांमुळेच किलो-दीड किलोचा चढउतार दिसेल. एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नका, आठवड्याची सरासरी लिहा. आणि वहीत रोजची खूण करायची ती चालण्यापुढे. वजन हा परिणाम आहे, त्याच्यावर तुमचा थेट ताबा नाही. पायांवर आहे.

अभ्यास दुसऱ्या महिन्यात सुरू करा. डिसेंबर जवळ आहे असं वाटून जीव घाबरेल, म्हणून तोही हिशेब करून टाकू. समजा १४ प्रकरणं बाकी आहेत आणि आतापर्यंत झालेल्या दोन प्रकरणांना प्रत्येकी पाच तास लागले. बाकीच्यांचा अंदाज "आता हात बसलाय" म्हणून कमी करायचा नाही, पाचच धरायचा. झाले ७० तास. प्रबंधाच्या त्या आकड्यांवरून शिकून दीडपट करा, १०५ तास. आठवड्याला चार दिवस ४० मिनिटं आणि शनिवारी दोन तास, म्हणजे ४ तास ४० मिनिटं. रविवार मोकळा. या वेगाने साडेबावीस आठवडे लागतात. एप्रिलअखेरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ३१ आठवडे आहेत. झोपेचे चार वजा करा, गणपती आणि दिवाळीचा एकेक वजा करा, उरले २५. अभ्यास बसतो आणि उजळणीला अडीच आठवडे राहतात. रोज तीन तासांची गरज मुळात नव्हतीच.

या ४० मिनिटांना तीन पायऱ्या द्या. नेहमीची ४०. शनिवारची १२०. आणि किमान १०, म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न किंवा पुस्तकाची दोन पानं. किमान झालं तरी त्या दिवसाची खूण पूर्ण मानायची. किमान योग्य आहे का, याची कसोटी अशी: गाडी रखडली, घरी साडेदहाला पोचलात, जेवणही उभ्याने झालं, तर हे होईल का? उत्तर "कदाचित" असेल तर किमान अजून लहान करा. अंगात ताप असेल तर ही कसोटी लागू नाही, त्या दिवशी झोपायचं.

किमान पायरीचाही एक धोका आहे, हळूहळू तीच सवय होते. सलग दोन आठवडे अभ्यासाच्या चार दिवसांपैकी निम्म्याहून जास्त दिवस किमानवर निघाले, तर समजा की एकतर ४० मिनिटं जास्त होताहेत किंवा वेळ चुकीची आहे. बहुधा वेळच चुकीची असते. रात्री दहाला डोळे मिटत असतील तर सकाळी मिळालेला पाऊण तास वापरून बघा.

याला आक्षेप घेणारेही भेटतील. अवघड ध्येय ठेवलं तर माणूस जास्त काम करतो, असं एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या संशोधनातून दिसलं आहे, आणि ते खरंच आहे. पण तिथे अट अशी आहे की माणसाकडे ते करण्याची क्षमता हवी आणि ध्येयाशी त्याची बांधिलकी हवी. म्हणून अवघडपणा महिन्याच्या आकड्यात ठेवा, "या महिन्यात तीन प्रकरणं" असा. रोजचं दार मात्र बुटकं असू द्या, थकलेल्या माणसालाही वाकून आत जाता यावं इतकं.

ध्येय लिहिण्याची पद्धतही महत्त्वाची. "रोज अभ्यास करीन" हे वाक्य काही घडवत नाही. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने "अमुक झालं की तमुक करीन" या धाटणीच्या योजनांचा अभ्यास केला. २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा अशी योजना केलेल्यांकडून काम लक्षणीय जास्त पार पडल्याचं दिसलं. तुमच्यासाठी वाक्य असं: "मी माझं ताट सिंकमध्ये ठेवलं, की तिथूनच सरळ खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसेन आणि पुस्तक उघडेन." घड्याळाची वेळ नको, कारण लोकल तुमच्या घड्याळाने चालत नाही. "जेवल्यानंतर" असंही नको, कारण जेवल्यानंतर सोफा येतो. खूण अशी हवी की ज्या क्षणी तुमचे हात काहीतरी ठेवतात किंवा उचलतात. पुस्तक सकाळीच त्या पानावर उघडं, पेन्सिल आत ठेवून. अडथळ्याचं एक वाक्य जोडा: "नऊ चाळीसनंतर घरी पोचलो, तर फक्त दहा मिनिटं." एकदम आठ-दहा अशी वाक्यं करू नका, दोन-तीनच लक्षात राहतात.

इथे एक गोष्ट तुमच्या प्रश्नात कुठेच नव्हती, आणि ती मला सर्वांत जास्त खटकली. तुम्ही खुर्चीत बसाल तेव्हा मुलाचा अभ्यास कोण घेणार? भांडी कोण आवरणार, उद्याच्या डब्याची भाजी कोण निवडणार? चार तासांच्या संकल्पात ही कामं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी, बहुधा बायकोच्या, अंगावर न विचारता टाकलेली असतात. मग चौथ्या-पाचव्या दिवशी कुरबूर सुरू होते आणि ती "मला पाठिंबा नाही" अशी ऐकू येते. सुरुवात करण्याआधी दोघांनी वीस मिनिटं बसून आठवड्याची रात्र वाटून घ्या. तुमचे चार दिवस ४० मिनिटं असतील, तर तिलाही तिच्या मनाच्या कामासाठी तेवढीच मिनिटं मिळायला हवीत, आणि त्या वेळात घर तुम्ही बघायचं. भाजी निवडणं शनिवारी एकत्र केलं तर आठवड्याचा बराच ताण जातो. तिला तुमच्यावर पहारेकरी म्हणून मात्र नेमू नका. "आज बसला नाहीस?" हा प्रश्न दोघांनाही नको असतो. आकडे सांगण्यासाठी घराबाहेरचा एक मित्र बरा, आठवड्यातून एकदा, फक्त "चारपैकी तीन" एवढाच निरोप.

खंड पडणारच. प्रश्न असतो तो खंडानंतरच्या चोवीस तासांचा. आहार नियंत्रणात ठेवणाऱ्यांवर टोरांटोच्या जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. नियम एकदा मोडला की माणूस तिथे थांबत नाही, "आता मोडलंच आहे, तर जाऊ दे" म्हणून उरलेलाही सोडतो. नुकसान पहिल्या लाडवाने होत नाही, ते त्यानंतरच्या चार लाडवांनी होतं. तुमचा नववा दिवस असाच गेला. पाचला जाग आली नाही, म्हणून व्यायाम राहिला, मग ऑफिसात चहात साखर घेतली, आणि रात्री फोन. सहाही गोष्टी एकाच दोरीत ओवल्या होत्या, एक सुटली आणि सगळ्या गेल्या. एका वेळी एकच घ्या म्हणतो, त्याचं हेही एक कारण आहे.

एका दिवसाच्या खंडाची भीती बाळगू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींवर १२ आठवडे लक्ष ठेवलं होतं. सवय आपोआप घडू लागायला मधल्या माणसाला (निम्मे त्याच्या आधी, निम्मे नंतर) ६६ दिवस लागले, पण माणसागणिक आणि सवयीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता (१२ आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून बांधलेला अंदाज आहेत). एखादा दिवस चुकल्याने सवय जमण्यावर फारसा फरक पडला नाही. "२१ दिवसांत सवय लागते" हे जे सर्रास सांगितलं जातं, त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या निरीक्षणात सापडतं. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं ते होतं. त्यातलं "निदान" पुढे गळून पडलं. हा आकडा डोक्यातून काढा, कारण त्याच्यामुळे बाविसाव्या दिवशी जड वाटलं की माणूस स्वतःलाच दोष देतो. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. तुम्ही तीन महिने धरून चाला.

खंडासाठी नियम दोनच. लागोपाठ दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी काहीही झालं तरी किमान करायचंच. आणि बुडलेलं भरून काढायचं नाही, काल राहिलेली ४० आणि आजची ४० मिळून ८० करायला गेलात की परवाचाही दिवस जातो. तीन दिवसांहून मोठा खंड पडला, आजारपण असेल किंवा गावी जाणं, तर परतल्यावर खंडाच्या निम्मे दिवस फक्त किमान पायरीवर राहा आणि मग वर चढा.

नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठेवा, जिथे दुधाचे लिटर लिहिता तिथेच. पूर्ण झालं तर उभी रेघ, किमान झालं तर टिंब, राहिलं तर चौकट कोरी. दर रविवारी दहा मिनिटं पुरतात. दर २८ दिवसांनी मोजणी करा. झोप ही रोजची गोष्ट आहे, तिच्या २८ पैकी २४ किंवा जास्त खुणा असतील तर पुढे सरका. वीस ते तेवीस असतील तर तसंच चालू द्या, काहीही वाढवू नका. वीसच्या खाली असेल तर ध्येय लहान करा किंवा वेळ हलवा, पण दोन्ही एकदम नको, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. वाढवतानाही दहा-वीस टक्केच. ४० ची ४५ करा, ६० नव्हे. एक महिना छान गेला की हात मोकळा सुटतो आणि तिथेच पुष्कळांचा बेत कोसळतो.

सुरुवात करण्याआधी दिनदर्शिकेची पुढची पानं उलटून सणवार, लग्नं आणि मार्चअखेरसारखी कामाची गर्दी यांवर गोल करा. त्या दिवसांना किमान पायरी किंवा सरळ सुट्टी आधीच द्या. दिवाळीच्या फराळात साखरेचं ध्येय चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. पाच दिवसांची सुट्टी आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी परत, असं लिहून ठेवलं की ते पाळलं जातं.

या बाबतीत आपल्याकडचा चातुर्मासाचा नेम मला फार शहाणा वाटतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, एकच गोष्ट. कांदा-लसूण सोडणं किंवा रोज एक अध्याय वाचणं. काय केलं म्हणजे नेम पाळला, याबद्दल संदिग्धता नाही. घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे ताट वाढणाराच सांभाळून घेतो. मुदत सुमारे चार महिन्यांची, म्हणजे त्या ६६ दिवसांच्या चांगलीच पुढे जाणारी, आणि शेवटी उद्यापन. आजीच्या पिढीने पाळलेले नेम आठवून पाहा, त्यात एकदम सहा गोष्टी क्वचितच असत. उणीव एकच: नेम संपल्यावर काय, हे ठरलेलं नसतं, म्हणून कार्तिकीनंतर जुनं खाणं परत येतं. तेवढी दुरुस्ती करा. परीक्षा झाल्यावर त्या ४० मिनिटांचं काय करणार, हे नोव्हेंबरमध्येच लिहून ठेवा, नाहीतर ती मिनिटं फोनकडे परत जातील.

साखर तिसऱ्या महिन्यात घ्या. दोन चमच्यांवरून दीड, दोन आठवडे. मग एक. जीभ जुळवून घेते. ऑफिसच्या यंत्रातला चहा आधीच गोड असतो, तिथे मोजता येत नाही, म्हणून तिथले दोन कप टपरीवर "साखर कमी" सांगून घ्या. ध्यानाबद्दल घाई नको. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळेल त्या दिवशी पाच मिनिटं डोळे मिटून श्वास मोजा, एवढं पुष्कळ आहे.

हळूहळू जाण्याला एक खरा अपवाद आहे, तंबाखूचा. तुम्ही ओढत नाही, पण हे वाचणारे कुणी असतील. इंग्लंडमध्ये ६९७ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी सिगारेटपासून दूर होते, दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना समुपदेशन आणि निकोटिनचे पर्याय दिलेले होते, तेव्हा मदत घेऊनच तारीख ठरवा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. दारूचं मात्र याच्या उलट: रोज भरपूर पिणाऱ्याने मनानेच एकदम सोडू नये, अंगाला थरथर, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

आणि शेवटचं. काही वेळा बेत बरोबर असतो, माप बरोबर असतं, तरी पाऊल उचलत नाही. सात तास झोपूनही सकाळी अंग जड, झोपेत मोठं घोरणं आणि मध्येच श्वास अडकल्यासारखं होणं, दुपारी बसल्या-बसल्या डुलकी लागणं, ही झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची लक्षणं असू शकतात. सतत थकवा आणि वाढतं वजन असेल तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, तर त्याला आळस म्हणू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना ती पहिल्या सात दिवसांची वही बरोबर न्या. दिवा कधी बंद झाला, जाग कधी आली, चहा किती झाला, हे आकडे समोर असले की त्यांचं निम्मं विचारणं वाचतं.